हार्ट अटॅकनंतर मन खचले असेल तर काय करावे?

हार्ट अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, रुग्ण घरी आला. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना एकच सांगतो, "आता टेन्शन घ्यायचं नाही, पॉझिटिव्ह राहायचं." सल्ला मायेचाच असतो. पण रात्री छातीत जराशी कळ आली की झोप उडते, बाथरूमची कडी लावायची भीती वाटते आणि दिवसा मात्र सगळ्यांसमोर हसावे लागते. मग रुग्ण भीती लपवू लागतो.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो, सकारात्मक राहण्यासाठी चेहरा हसरा ठेवण्याची गरज नाही. मन खचलेले असतानाही औषधे, चालणे आणि मोकळेपणाने बोलणे ही तीन कामे सुरू ठेवणे पुरेसे आहे.

असे वाटणे स्वाभाविक आहे का?

हो. पहिले काही आठवडे रडू येणे, चिडचिड होणे, झोप नीट न लागणे, पैशांची आणि नोकरीची काळजी वाटणे हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. ते हळूहळू कमी होते. "मनात वाईट विचार आला म्हणजे पुन्हा अटॅक येणार" ही समजूत चुकीची आहे. विचार मनात आला म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

हे नैराश्य आहे, हे कसे ओळखावे?

स्वतःला दोन प्रश्न विचारा.

१. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस उदास किंवा हताश वाटते आहे का?
२. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता रस वाटत नाही का?

एकाचेही उत्तर 'हो' असेल तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना सांगा. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचपैकी एका रुग्णाला उपचारांची गरज असलेले नैराश्य येते. थकवा मात्र रक्त कमी असल्याने, थायरॉइडच्या त्रासाने किंवा हृदयाच्या काही गोळ्यांमुळेही येऊ शकतो. तो कशामुळे आहे हे तपासूनच ठरवावे लागते. गोळी स्वतःहून बंद करू नका.

मनाकडे लक्ष देणे इतके महत्त्वाचे का?

मन खचले की गोळ्या चुकतात, चालणे थांबते, सुटलेली तंबाखू परत सुरू होते. स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने अशा रुग्णांतील नैराश्याला पुढील धोका वाढवणारा घटक मानावे, अशी शिफारस केली. त्यामुळे मनावरचा उपचार हा हृदयाच्या उपचाराचाच भाग आहे.

घरी काय करता येईल?

उत्साहाची वाट पाहू नका. आधी बरे वाटेल, मग चालायला जाऊ, असे ठरवले तर तो दिवस लांबतच जातो. उलट थोडी हालचाल केली की मन थोडे हलके होते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर काही दिवसांनी थोडे वाढवा. चालताना सहज बोलता आले पाहिजे. छातीत दुखले, चक्कर आली किंवा धाप लागली तर थांबा.

दिवसाला वेळापत्रक द्या. उठणे, अंघोळ, जेवण, झोप यांच्या वेळा ठरलेल्या असू द्या. दिवसभर अंथरुणात पडून राहिले की रात्रीची झोप जाते.

भीतीसाठी योजना तयार ठेवा. छातीत दुखले तर काय करायचे, जिभेखालची गोळी दिली असेल तर ती कधी आणि कशी घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. बसून आराम केल्यावर आणि गोळी घेतल्यावरही पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही, तर १०८ ला फोन करा. काय करायचे ते ठाऊक असले की भीती निम्मी होते.

मनातले प्रश्न विचारा. कामावर कधी जायचे, गाडी कधी चालवायची, शरीरसंबंध कधी ठेवायचे, हे प्रश्न संकोचाने राहून जातात. दोन मजले त्रास न होता चढता येत असतील तर बहुतेकांना शरीरसंबंध सुरक्षित असतात. तरी एकदा डॉक्टरांना विचारून घ्या.

घरच्यांसाठी

"रडू नकोस" म्हणण्याऐवजी "कशाची भीती वाटते?" असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. लगेच धीर देण्याची गरज नाही. सगळीच कामे काढून घेतली तर माणसाला आपण ओझे झालो असे वाटते. भाजी निवडणे, वीजबिल भरणे, नातवंडाचा अभ्यास घेणे अशी झेपतील ती कामे त्यांच्याकडेच राहू द्या. काळजी घेणाऱ्या व्यक्तीचीही झोप आणि जेवण सांभाळा. रात्रीची जागरणे वाटून घ्या.

औषध लागते का?

प्रत्येकाला नाही. अनेकांना समुपदेशन आणि नियमित व्यायाम पुरतो. गरज पडल्यास हृदयरुग्णांसाठी योग्य अशी नैराश्याची औषधे आहेत. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि ती अचानक बंद करायची नसतात. त्यांतील काही औषधांमुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. म्हणून मनोविकारतज्ज्ञांना हृदयाच्या सर्व गोळ्या दाखवा.

तातडीची मदत केव्हा घ्यावी?

"मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलणे किंवा जीव देण्याचे विचार सहज घेऊ नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि लगेच जवळच्या रुग्णालयात न्या. 'टेली-मानस' या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

पुढच्या तपासणीला जाताना ईसीजीच्या फाइलबरोबर वरच्या दोन प्रश्नांची उत्तरेही घेऊन जा. डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्हीच सांगा.