परीक्षानलिका गर्भधारणा, भारतातील

स्त्रीच्या अंडकोशातून पक्व अंडकोशिका बाहेर काढून तिचे शुक्राणूशी प्रयोगशाळेत काचपात्रामध्ये मीलन घडवून आणणे आणि तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडणे, या प्रक्रियेस परीक्षानलिका गर्भधारणा असे म्हणतात. या मार्गाने जन्मलेल्या मुलास लोकव्यवहारात ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे नाव रूढ झाले. वस्तुतः मूल नलिकेत वाढत नाही. फलन आणि त्यानंतरचे दोन ते सहा दिवस एवढाच काळ भ्रूण शरीराबाहेर असतो. अंडवाहिन्या बंद असणे, हे या उपचाराचे मूळ प्रयोजन होय. भारतात जननेंद्रियांच्या क्षयरोगामुळे अंडवाहिन्या निकामी झालेल्या स्त्रियांची संख्या मोठी असल्याने या तंत्रास येथे विशेष महत्त्व आहे. [⟶ वंध्यत्व].

पार्श्वभूमी : या पद्धतीने जन्मलेले जगातील पहिले अपत्य, लुईझ ब्राउन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डम येथे जन्मले. केंब्रिजचे शरीरक्रियावैज्ञानिक रॉबर्ट एडवर्ड्‌स, ओल्डमचे स्त्रीरोगतज्ञ पॅट्रिक स्टेप्टो आणि परिचारिका व भ्रूणतंत्रज्ञ जीन पर्डी या तिघांच्या दहा वर्षांच्या परिश्रमांचे ते फळ होते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ मध्ये या कार्यास अनुदान नाकारले होते. पुढे १९८० मध्ये त्यांनी बोर्न हॉल हे खाजगी चिकित्सालय स्थापन केले. म्हणजे खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न या उपचाराच्या जन्मापासूनच त्याच्याशी निगडित आहे. एडवर्ड्‌स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी त्यांचे दोन्ही सहकारी हयात नव्हते.

कलकत्ता येथील प्रयोग : लुईझच्या जन्मानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्ता येथे ‘दुर्गा’ या नावाने ओळखली गेलेली मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय (१९३१–८१), शीतजीववैज्ञानिक सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ञ सरोजकांती भट्टाचार्य यांचे हे कार्य होते. त्यांची पद्धती ओल्डमच्या पद्धतीहून निराळी होती. ओल्डम येथे नैसर्गिक ऋतुचक्रातील एकच अंडकोशिका लॅपरोस्कोपच्या साहाय्याने काढण्यात आली होती. मुखोपाध्यायांनी हॉर्मोनांची अंतःक्षेपणे देऊन एकाहून अधिक अंडकोशिका पक्व केल्या, त्या योनिमार्गे काढल्या, भ्रूण गोठवून ठेवले आणि नंतरच्या ऋतुचक्रात गर्भाशय अनुकूल असताना त्यांचे रोपण केले. या तिन्ही गोष्टी आज जगभर नित्याच्या झाल्या आहेत. गोठविलेल्या भ्रूणापासून झालेला जन्म म्हणून पुढे ज्याची जगभर नोंद झाली, तो ऑस्ट्रेलियातील जन्म १९८४ मधील आहे.

पश्चिम बंगाल शासनाने या दाव्याची छाननी करण्यासाठी समिती नेमली. या तंत्राचा प्रत्यक्ष अनुभव असलेला एकही सदस्य तीत नव्हता. किंबहुना तसा अनुभव त्या वेळी देशात अन्य कोणास नव्हताच. समितीने दावा अमान्य केला. जपानमध्ये जाऊन आपले कार्य मांडण्याची अनुमती मुखोपाध्यायांना मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोगविषयक संस्थेत करण्यात आली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या जीवनाशी साम्य असलेल्या कथानकावर तपन सिन्हा यांनी एक डॉक्टर की मौत (१९९०) हा हिंदी चित्रपट काढला.

मुंबई येथील कार्य : मुंबई महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची परळ येथील प्रजननविषयक संशोधन संस्था यांनी संयुक्तपणे हे कार्य हाती घेतले. स्त्रीरोगतज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार हे त्याचे प्रमुख होते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात हर्षा या मुलीचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेला भारतातील पहिला जन्म म्हणून तो मान्यता पावला. अंडकोशिका व शुक्राणू थेट अंडवाहिनीत सोडण्याच्या पद्धतीने झालेला देशातील पहिला जन्मही डॉ. हिंदुजांच्याच हातून १९८८ मध्ये झाला.

या इतिहासातील एक प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. १९९७ मध्ये कलकत्ता येथे आले असता आनंदकुमार यांच्या हाती मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे आली. त्यांचा बारकाईने अभ्यास केल्यावर, भारतातील या तंत्राचे पहिले शिल्पकार मुखोपाध्यायच होत, असे त्यांनी करंट सायन्स या नियतकालिकात त्याच वर्षी जाहीरपणे लिहिले. ज्या अग्रमानाचा सर्वाधिक लाभ स्वतःस झाला होता, तो त्यांनी पुराव्याच्या आधारे दुसऱ्यास देऊ केला. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळ आहेत.

खाजगी केंद्रांचा प्रसार : हर्षाचा जन्म सार्वजनिक रुग्णालयात झाला असला, तरी पुढील प्रसार मुख्यतः खाजगी क्षेत्रात झाला. बेल्जियममध्ये १९९२ मध्ये सिद्ध झालेल्या, एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने अंडकोशिकेत सोडण्याच्या पद्धतीमुळे पुरुषांच्या वंध्यत्वावरही इलाज सापडला आणि मागणी वाढली. शासकीय सोयी मात्र मोजक्याच राहिल्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. गोवा शासनाने बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये विनामूल्य उपचाराची सोय केली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून वंध्यत्वावरील उपचार वगळले आहेत. खाजगी केंद्रांत एका चक्राचा खर्च लाख रुपयांच्या घरात किंवा त्याहून अधिक होतो आणि पहिल्याच चक्रात यश येईल, याची शाश्वती नसते. दागिने मोडून किंवा जमीन गहाण टाकून उपचार घेणारी जोडपी म्हणूनच आढळतात.

खर्च व केंद्राची निवड : खर्चाचे प्रमुख घटक म्हणजे हॉर्मोनांची अंतःक्षेपणे, श्राव्यातीत ध्वनितरंगांद्वारे केलेली तपासणी, अंडकोशिका काढण्याची शस्त्रक्रिया, प्रयोगशाळेतील संवर्धन आणि भ्रूण गोठवून ठेवणे हे होत. जाहिरातीतील दरात यांपैकी सर्वांचा समावेश असतोच, असे नाही; औषधांचा खर्च पुष्कळदा वेगळा आकारला जातो. यासाठी संपूर्ण चक्राचा लेखी तपशील मागणे इष्ट ठरते. यशाचे प्रमाण सांगताना केवळ गर्भधारणा मोजली आहे की जिवंत अपत्यजन्म, तसेच ते कोणत्या वयोगटातील स्त्रियांचे आहे, हे पाहणे आवश्यक असते. कारण स्त्रीचे वय हा यशापयशाचा सर्वांत प्रभावी घटक आहे. कमी दराच्या केंद्रात चक्रे अधिक करावी लागल्यास एकूण खर्च वाढतो. उलट, दर अधिक म्हणजे यश अधिक, असेही समीकरण नाही. एकाच वेळी अनेक भ्रूण सोडल्यास गर्भधारणेची शक्यता वाढते. परंतु जुळी-तिळी अपत्ये अपुऱ्या दिवसांची जन्मून त्यांच्या शुश्रूषेचा खर्च मूळ उपचाराहूनही अधिक होऊ शकतो. मुळात हा उपचार आवश्यक आहे की साध्या औषधोपचाराने भागेल, याचा निर्णय पूर्ण तपासणीनंतरच व्हावयास हवा. खर्च कमी करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. सौम्य मात्रेत हॉर्मोने देणे हा त्यांपैकी एक असून, बेल्जियममधील गेंक येथे महागड्या संवर्धनयंत्राऐवजी साध्या बंद नलिकांत भ्रूण वाढविण्याची पद्धती यशस्वी होऊन २०१२ मध्ये पहिले अपत्य जन्मले.

कायदा : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, परंतु त्यांस कायद्याचे बळ नव्हते. साहाय्यित जननतंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम २०२१ मध्ये संमत होऊन जानेवारी २०२२ मध्ये अंमलात आला. त्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी अनिवार्य असून २१ ते ५० वर्षे वयाच्या स्त्रिया व २१ ते ५५ वर्षे वयाचे पुरुष यांनाच हा उपचार घेता येतो. लिंगनिवडीस बंदी आहे. उपचाराचा खर्च, यशाची शक्यता, दुष्परिणाम, बहुगर्भाचा धोका आणि दत्तक घेण्याचा पर्याय यांची माहिती जोडप्यास देणे, तसेच तक्रार निवारण कक्ष ठेवणे ही केंद्राची कर्तव्ये आहेत. दर किती असावा, हे मात्र अधिनियम ठरवीत नाही.

भारतातील या तंत्राचा उगम अल्प साधनांनिशी काम करणाऱ्या कलकत्त्यातील चिकित्सकांच्या खटपटीत आणि मुंबईच्या महानगरपालिका रुग्णालयात झाला. सामान्य जोडप्याला परवडेल अशा दरात ते उपलब्ध होणे हे त्या कार्याचे अपुरे राहिलेले अंग होय. सार्वजनिक रुग्णालयांतील सोयींचा विस्तार झाल्याखेरीज ते पूर्ण होणे कठीण आहे.