४५० डॉलरची प्रशिक्षक आणि आठ खेळाडूंचा विजेता संघ

१/९
मार्च १९७२. अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन महिला क्रीडा संघटनेच्या पहिल्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेसाठी १६ संघ इलिनॉय राज्यात जमले होते. त्यांतील पंधराव्या मानांकनाच्या संघाकडे सर्व खेळाडूंच्या विमानभाड्याइतकेही पैसे नव्हते. विजेतेपद मात्र त्यानेच पटकावले. हा त्या संघाचा आणि त्याच्या जमाखर्चाचा इतिहास.

२/९
संघ होता इमॅक्युलाटा कॉलेजचा. फिलाडेल्फियाजवळचे, कॅथलिक ननांनी चालवलेले मुलींचे हे छोटेसे महाविद्यालय. १९६७ मध्ये तेथील क्रीडागृह आगीत भस्मसात झाले. त्यानंतर सराव चाले तो ननांच्या निवासाच्या तळघरातील लहानशा जागेत.

३/९
१९७० मध्ये प्रशिक्षक म्हणून कॅथी रश आल्या. वय २२, वर्षाचे मानधन ४५० डॉलर. खेळाडूंना शिष्यवृत्ती नव्हती. गणवेश म्हणजे चुण्यांचे लोकरी झगे.

४/९
मग खेळाडू आले कोठून? फिलाडेल्फियाच्या कॅथलिक शाळांमध्ये मुलींच्या बास्केटबॉलची जुनी, कसदार परंपरा होती. महाविद्यालयाला खेळाडू शोधत देशभर फिरण्याची गरज नव्हती; तयार मुली शेजारीच होत्या. संघाचा आधारस्तंभ थेरेसा शँक हीदेखील याच परिसरातली.

५/९
राष्ट्रीय स्पर्धेसाठी मुलींनी टूथब्रश विकून पैसे उभे केले. तरीही खर्च झेपला तो आठच खेळाडूंचा. बाकीच्या घरी राहिल्या.

६/९
अंतिम सामन्यात समोर वेस्ट चेस्टर. याच संघाने थोड्याच दिवसांपूर्वी विभागीय अंतिम सामन्यात इमॅक्युलाटाला ३२ गुणांनी धूळ चारली होती. या वेळी निकाल फिरला : इमॅक्युलाटा ५२, वेस्ट चेस्टर ४८. पुढे १९७३ आणि १९७४ चे विजेतेपदही त्यांचेच. पाठीराख्या नन प्रेक्षागारात बादल्या बडवत. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा सामना पाहण्यास सुमारे १२,००० प्रेक्षक लोटले.

७/९
आता इतिहासाची वक्रगती पाहा. पहिल्या विजयानंतर तीनच महिन्यांनी, जून १९७२ मध्ये, 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास त्याने मज्जाव केला. महिला खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्यावर क्रीडा संघटनेने घातलेली बंदीही १९७३ मध्ये न्यायालयीन दाव्यानंतर उठली.

८/९
मुलींच्या दृष्टीने हा न्यायच होता. पण त्याची किंमत छोट्या संस्थांनी मोजली. जोवर कोणीच पैसे खर्च करत नव्हते, तोवर ४५० डॉलरची प्रशिक्षक आणि शेजारच्या मुली पुरेशा होत्या. मोठ्या विद्यापीठांनी तिजोरी उघडताच गुणी खेळाडू तिकडे वळू लागल्या. १९७५ आणि १९७६ चे अंतिम सामने इमॅक्युलाटाने डेल्टा स्टेटविरुद्ध गमावले. १९७७ मध्ये रश यांनी निरोप घेतला. कालांतराने हा संघ क्रीडा-शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत स्थिरावला.

९/९
वारसा मात्र माणसांतून पुढे गेला. थेरेसा शँक (विवाहानंतर ग्रेंट्झ) यांच्या मार्गदर्शनाखाली रटगर्स विद्यापीठाने १९८२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मारिअ‍ॅन क्रॉफर्ड (स्टॅन्ली) यांनी ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला तीन विजेतेपदे मिळवून दिली. २०१४ मध्ये इमॅक्युलाटाच्या संघाला नायस्मिथ बास्केटबॉल कीर्तिदालनात स्थान लाभले. ज्या विद्यापीठांनी पैशाच्या बळावर या छोट्या महाविद्यालयाला मागे टाकले, त्यांतील काहींना खेळ शिकवला तो त्याच तळघरात घडलेल्या मुलींनी.