आर्मी फुटबॉल संघ, वेस्ट पॉइंट

आर्मी फुटबॉल संघ : अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी असलेल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचा अमेरिकन फुटबॉल संघ. ‘ब्लॅक नाइट्स’ या नावाने तो ओळखला जातो. खेचर हे त्याचे मानचिन्ह आहे.

स्थापना : कॅडेट डेनिस मिची याने नौदल अकादमीचे आव्हान स्वीकारून संघ उभा केला. २९ नोव्हेंबर १८९० रोजी वेस्ट पॉइंटच्या मैदानावर झालेला पहिला सामना नौदलाने २४–० असा जिंकला. मिचीच्या बहुतेक सहकाऱ्यांना या खेळाचा अनुभवच नव्हता. पुढल्याच वर्षी आर्मीने ३२–१६ अशी परतफेड केली. मिची १८९८ मध्ये स्पेनविरुद्धच्या युद्धात क्यूबात मारला गेला. १९२४ मध्ये खुल्या झालेल्या स्टेडियमला त्याचे नाव आहे.

उत्कर्षकाळ : १९१२ च्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर होते. गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचा खेळ संपला. अर्ल ब्लेक यांच्या प्रशिक्षणाखाली (१९४१–५८) संघ शिखरावर पोहोचला. दुसऱ्या महायुद्धामुळे इतर महाविद्यालयांचे खेळाडू सैन्यात जात असताना वेस्ट पॉइंटकडे गुणी खेळाडूंचा ओघ लागला. डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस या जोडीच्या बळावर आर्मी १९४४ ते १९४६ या तीन हंगामांत एकही सामना हरला नाही. नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाला त्याने १९४४ मध्ये ५९–० असे हरवले. १९४६ मध्ये मात्र याच संघांची लढत ०–० अशी बरोबरीत सुटली. सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन करंडक ब्लँचर्डला १९४५ मध्ये, डेव्हिसला १९४६ मध्ये आणि पीट डॉकिन्सला १९५८ मध्ये मिळाला.

पडता काळ : १९५१ मध्ये परीक्षेतील गैरप्रकारामुळे सुमारे ९० कॅडेटांना अकादमी सोडावी लागली. त्यांत फुटबॉल खेळाडूंची संख्या मोठी होती. ब्लेक यांनी संघ पुन्हा बांधला; पण व्यावसायिक फुटबॉल वाढत गेला, तसे पदवीनंतर सैनिकी सेवा बंधनकारक असलेल्या संस्थेला उत्तम खेळाडू मिळणे अवघड झाले. १९७३ मध्ये संघ दहाही सामने हरला; २००३ मध्ये तेराही.

पुनरुत्थान : प्रशिक्षक जिम यंग (१९८३–९०) यांनी चेंडू हाती घेऊन धावण्यावर भर देणारी पद्धत आणली. लष्कराच्या वजनमर्यादेमुळे खेळाडू तुलनेने हलके असत. अशा संघाला वेग आणि शिस्त यांवर उभी असलेली ही पद्धत मानवली. जेफ मंकेन यांनी (२०१४ पासून) तीच वाट पुढे नेली. २००२ पासून नौदलाकडून सलग १४ पराभव सोसल्यानंतर आर्मीने २०१६ मध्ये २१–१७ असा विजय मिळवला. २०२४ मध्ये अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स या महाविद्यालयीन संघांच्या गटात येताच त्याने तुलेन विद्यापीठाला ३५–१४ ने हरवून इतिहासातले पहिले कॉन्फरन्स विजेतेपद पटकावले.

महत्त्व : या संघाचे खेळाडू आधी सैनिक असतात. १९५५ चा क्वार्टरबॅक डॉन हॉलेडर १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये लढताना मारला गेला. डॉकिन्स ब्रिगेडियर जनरल झाले. म्हणूनच या संघाची थोरवी जय-पराजयाच्या आकड्यांपुरती मोजता येत नाही.