अकरा महिन्यांचं कोडं

पहिल्यांदाच घर भाड्यानं देणाऱ्याला एजंट सांगतो, ‘साहेब, करार अकरा महिन्यांचाच करा.’ हे आलं कुठून? १९०८च्या नोंदणी कायद्यातून. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं होतं. लोकांनी बारावा महिनाच टाळला.

पुढे भाडेनियंत्रण आलं आणि दिलेलं घर परत मिळेना. निवृत्त फौजीही स्वतःच्याच घरासाठी कोर्टात खेटे घाली. अखेर दिल्लीच्या १९५८च्या कायद्यात १९८८ साली सैनिकांसाठी खास कलम घालावं लागलं.

महाराष्ट्रात १९९९च्या कायद्यानं अकरा महिन्यांची पळवाट बंद केली. करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या! म्हणून आधी नोंदणी, मग किल्ली.