जुन्या गोव्याहून तांबडी सुर्लापर्यंत

गोव्याला गेलेली आपली कुटुंबे जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटिकेसमोर गुडघे टेकतात आणि मग बहुधा समुद्राची वाट धरतात. परंतु तेथूनच सह्याद्रीच्या दिशेने निघाले, तर पावसाळ्यातील एका दिवसात तेरा-चौदा शतकांच्या खुणा आणि धबधबे या दोहोंचे दर्शन घडते. ही वाट रम्य आहे; तशीच ती ख्रिस्ती प्रवाशाला अंतर्मुख करणारीही आहे.

१५१० साली आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकला. त्यानंतर येथे वैभवशाली मंदिरे, मठ व सेमिनऱ्या उभ्या राहिल्या. बॉम जीझस बॅसिलिकेचा अभिषेक १६०५ साली झाला. १९८६ साली या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा लाभला. जवळच संत ऑगस्टीनच्या मठाचा सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा आहे. १८३५ साली धर्मसंघांवरील सरकारी बंदीमुळे हा मठ ओस पडला आणि १८४२ साली मंदिराचे छत कोसळले. ज्या सत्तेच्या छायेत तो उभा राहिला, तिच्याच फर्मानाने तो रिकामा झाला. राजसत्तेच्या आधारावर विसंबणाऱ्या धर्माला हा मनोरा पुष्कळ काही सांगतो.

येथून फेरीबोटीने दिवाडी बेट लागते. कदंब राजे ज्याचा उल्लेख आपल्या नाण्यांवर अभिमानाने करीत, त्या सप्तकोटेश्वराचे देऊळ या बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. शिवलिंग विहिरीच्या बांधकामात वापरले गेले. पुढे भक्तांनी ते गुपचूप नदीपार, डिचोली महालातील नार्वे येथे नेले, अशी परंपरा आहे. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे देवळाचा जीर्णोद्धार झाला. तसा शिलालेख दारावर आजही आहे. अलीकडे, २०२३ साली, देवळाचे नूतनीकरण पूर्ण झाले.

नार्व्याला पोहोचल्यावर आपण काय म्हणावे? 'ते राजकारण होते' असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण देवळे पाडणाऱ्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले होते, हे सत्य आहे. त्याचबरोबर, चार शतकांपूर्वीच्या कृत्यांचा दोष आजच्या भाविकांच्या माथी मारणे हाही न्याय नव्हे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे जाहीर केले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, इतर लोकांच्या संस्कृती व धर्म यांचा अवमान करणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या पापांसाठी जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. आई-वडिलांनी मुलांना नार्व्याच्या अंगणात या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

पुढे साखळीजवळ हरवळे येथे जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. तेथून थोड्या अंतरावर रुद्रेश्वराच्या देवळाशेजारी धबधबा कोसळतो. पावसात त्याचा घोष संभाषण थांबवितो. कड्याच्या टोकाशी वा पाण्यात जाण्याचे धाडस मात्र करू नये.

दिवसाची अखेर घाटाच्या पायथ्याशी, तांबडी सुर्ला येथे. बाराव्या-तेराव्या शतकातील हे कदंबकालीन महादेवाचे देऊळ काळसर दगडाचे आहे. हा डोंगराळ मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोपर्यंत त्यांचे पहिले उग्र धोरण ओसरले होते. गर्द अरण्य आणि हा विलंब यांमुळे देऊळ वाचले. दिवाडीवर काय नष्ट झाले असेल, याची कल्पना येथील कोरीव छत पाहून येते.

बॅसिलिकेतील प्रार्थना आणि या देवळासमोरचे मौन यांत विरोध नाही. आपली श्रद्धा दृढ असेल, तर दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाची झालेली हानी मान्य करताना ती डळमळत नाही. उलट अधिक निर्मळ होते.