इंटरनेट टेलिफोनी : दूरध्वनी कंपन्यांना आव्हान

इंटरनेट टेलिफोनी : बोललेल्या आवाजाचे अंकीय रूप करून तो इंटरनेटवरून पोहोचवण्याची सेवा. या सेवेच्या जोरावर १९९५ नंतर सॉफ्टवेअर आणि इंटरनेट कंपन्यांनी दूरध्वनी कंपन्यांच्या मुख्य उत्पन्नालाच हात घातला. हे उत्पन्न म्हणजे मिनिटाच्या हिशेबाने विकले जाणारे बोलणे. स्काइप, व्होनेज आणि व्हॉट्सॲप ही या क्षेत्रातली ठळक नावे. वरवर पाहता हा तंत्रज्ञानाचा झगडा वाटतो, पण अंतराचे आणि वेळेचे पैसे घेण्याचा हक्क कोणाचा, यावर खरा वाद होता. भारतात तो सरकारी धोरणे, नियामकाचे आदेश आणि शेवटी ग्राहकांची मोहीम अशा तिन्ही पातळ्यांवर लढला गेला.

मीटरचे राज्य : जुन्या दूरध्वनी व्यवस्थेत दोन माणसे बोलत असताना त्यांच्यासाठी एक वाहिनी फोन ठेवेपर्यंत राखून ठेवली जाई. डिजिटल एक्स्चेंजमध्ये या वाहिनीची क्षमता सेकंदाला ६४ हजार बिट असे. दोघेही गप्प राहिले तरी वाहिनी अडलेली आणि मीटर चालू! अंतर वाढले की मीटरचा वेगही वाढे.

पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर हे अर्थकारण समोर दिसे. काचेच्या खोक्यात माणूस फोन कानाला लावून उभा असे, पण त्याची नजर लाल आकड्यांवर खिळलेली. रात्री उशिरा पाव दर लागू झाला की बूथबाहेर गर्दी होई. घरची खुशाली, मनीऑर्डर, मुलीच्या स्थळाची बोलणी असे मुद्दे मनाशी पक्के करूनच लोक नंबर फिरवत, कारण नमस्कार-चमत्कारात मिनिट घालवणे परवडत नसे. परदेशी फोनची तर बातच सोडा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेला फोन लावायचा तर मिनिटाला पन्नास रुपयांहून अधिक मोजावे लागत.

हे परदेशी फोन मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमाच्या हातून जात. पुणे जिल्ह्यातील आर्वीचे उपग्रह भूकेंद्र या व्यवस्थेचा महत्त्वाचा दुवा होते. दोन देशांच्या कंपन्या आपसात मिनिटांचा हिशेब करत आणि ज्या देशात फोन अधिक येत त्याच्या पदरात फरकाची रक्कम पडे. भारतातून बाहेर जाणाऱ्या फोनपेक्षा बाहेरून येणारे फोन कितीतरी अधिक होते, त्यामुळे परदेशी राहणाऱ्या मुलाने घरी फोन केला की देशाला परकीय चलन मिळे. इंटरनेटवरून येणाऱ्या स्वस्त आवाजाकडे सरकार महसुलाला लागलेली गळती म्हणून पाहत होते, त्याचे कारण हेच.

तंत्र : इंटरनेटवर वाहिनी राखून ठेवावी लागत नाही. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लागतो आणि ते मिळेल त्या वाटेने निघतात. शांततेचे तुकडे पाठवलेच नाहीत तरी चालते. आवाज दाबून सेकंदाला ८ हजार बिटांतही बसवता येतो. मात्र तुकडे पोहोचायला दीडशे मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला की बोलण्याची लय बिघडू लागते आणि दोघे एकमेकांच्या वाक्यात शिरतात. सुरुवातीच्या काळात बड्या दूरध्वनी कंपन्या निर्धास्त राहिल्या त्या या त्रुटीमुळे.

पहिली चकमक : फेब्रुवारी १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने ‘इंटरनेट फोन’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. दोन्ही टोकांना संगणक, मायक्रोफोन आणि मोडेम असला की बोलता येई. आवाज तुटक येई, पण दूरवरच्या फोनचे वेगळे बिल येत नसे. वर्षभरातच, मार्च १९९६ मध्ये, लहान दूरध्वनी कंपन्यांच्या एका संघटनेने अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाकडे अर्ज करून अशा सॉफ्टवेअरची विक्री थांबवण्याची मागणी केली. आयोगाने बंदी घातली नाही. पुढची दोन दशके जो युक्तिवाद जगभर ऐकू आला, तो या अर्जातच होता : आम्ही परवाना शुल्क भरतो, नियम पाळतो, मग तोच धंदा यांना मोकळेपणी का करू द्यायचा?

स्काइप : ऑगस्ट २००३ मध्ये स्वीडनचे निकलस झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस यांनी स्काइप सुरू केले. त्याचे सॉफ्टवेअर एस्टोनियातील प्रोग्रामरांनी लिहिले होते. गाणी वाटून घेण्यासाठी याच मंडळींनी आधी ‘काझा’ बनवले होते आणि त्यातलीच युक्ती येथे वापरली : मध्यवर्ती एक्स्चेंज न उभारता वापरणाऱ्यांच्याच संगणकांवरून कॉल जोडायचे. ज्या कामासाठी दूरध्वनी कंपन्यांनी इमारती, केबल आणि हजारो कर्मचारी उभे केले होते, ते काम ग्राहकाच्या टेबलावर गेले. २००५ मध्ये ईबेने ही कंपनी २.६ अब्ज डॉलरना घेतली आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी ८.५ अब्ज डॉलर मोजले. टेलिजिऑग्राफी या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१३ मध्ये स्काइपवरून २१४ अब्ज मिनिटांचे आंतरराष्ट्रीय बोलणे झाले. जगातील सर्व पारंपरिक कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय मिनिटांच्या जवळपास ४० टक्के. मोबाइलच्या काळात मात्र स्काइप मागे पडले आणि मे २०२५ मध्ये बंद झाले.

वाट अडवण्याचे प्रकार : ज्यांच्या तारांवरून हा आवाज जात होता त्यांच्या हाती एक हत्यार होते, आणि त्यांनी ते वापरले. २००५ मध्ये अमेरिकेतील मॅडिसन रिव्हर या छोट्या कंपनीने व्होनेजचे कॉल जाण्याची वाटच बंद केली. चौकशी निघाल्यावर १५,००० डॉलर भरून प्रकरण मिटले. रक्कम किरकोळ होती, पण तार ज्याची त्याला तारेवरून काय जावे हे ठरवता येणार नाही, हा दंडक त्यातून पुढे आला. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या केपीएनने व्हॉट्सॲप आणि इंटरनेट कॉलसाठी जादा आकार लावण्याचे जाहीर केले. त्यावर एवढा गदारोळ झाला की सर्व सेवांना सारखी वागणूक देण्याचा, म्हणजे इंटरनेट समानतेचा, कायदा करणारा नेदरलँड्स युरोपातील पहिला देश ठरला. संयुक्त अरब अमिरातीत याच्या अगदी उलट घडले. तेथे परवानाधारक कंपन्यांनी मान्य केलेल्या मोजक्या ॲपखेरीज इंटरनेट कॉल अडवले जातात. दुबईत नोकरी करणारा मराठी माणूस घरच्यांना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवतो, पण त्याच ॲपवरून कॉल लावू पाहिला तर तो सहसा लागत नाही.

भारतातील बंदी आणि अर्धी परवानगी : भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात याच निगमाने इंटरनेट फोनची संकेतस्थळे अडवली आणि १९९९ च्या दूरसंचार धोरणात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी नाकारण्यात आली. १ एप्रिल २००२ पासून, म्हणजे परदेशी फोनवरची निगमाची मक्तेदारी संपली त्याच सुमारास, इंटरनेट टेलिफोनी खुली झाली, पण हातचे राखून. संगणकावरून संगणकाला आणि संगणकावरून परदेशातील फोनला कॉल करता येईल, देशातल्या देशात संगणकावरून फोनला मात्र नाही. म्हणजे नाशिकच्या सायबर कॅफेतून न्यू जर्सीचा फोन वाजवणे कायदेशीर, पण शेजारच्या सिन्नरचा वाजवणे बेकायदा. ग्राहकाच्या सोयीचा विचार या भेदात कोठेच नव्हता. देशांतर्गत कंपन्यांचे उत्पन्न राखण्यासाठीच ही भिंत बांधली होती.

भिंत आली की चोरवाट आलीच. परदेशातून येणारा कॉल इंटरनेटवरून भारतात आणायचा, एखाद्या भाड्याच्या खोलीतील ‘सिम बॉक्स’मध्ये उतरवायचा आणि तेथल्या सिमकार्डावरून स्थानिक कॉल म्हणून पुढे लावायचा, हा त्यातला सर्रास प्रकार. एका डब्यात सिमकार्डांच्या ओळी, मागे अँटेनांची रांग आणि शेजारी ब्रॉडबँडचा राउटर, एवढाच पसारा. ज्याला फोन येतो त्याच्या पडद्यावर साधा भारतीय नंबर उमटतो. भिवंडी आणि पुण्यातील कोंढवा परिसरात पोलिसांनी अशा अड्ड्यांवर छापे घातले आहेत. फोन खरा कोठून आला हे यात दडवले जाते, म्हणून प्रश्न केवळ बुडालेल्या महसुलाचा राहत नाही.

२०१४ ते २०१६ : स्मार्टफोनवर व्हॉट्सॲप आले आणि आधी एसएमएसचा धंदा बसला. दिवाळी आणि नववर्षाला एसएमएसच्या सवलती बंद ठेवून पूर्ण दर वसूल करणारे ‘ब्लॅकआउट डे’ लोकांच्या डोक्यात होतेच. त्या रागात व्हॉट्सॲप हातोहात स्वीकारले गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेण्यासाठी सुमारे १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेहमीच्या डेटा पॅकमधून इंटरनेट कॉल वगळून त्यांना वेगळा दर लावण्याची घोषणा केली आणि टीकेनंतर काही दिवसांतच ती मागे घेतली. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, अशा ॲपचे नियमन करावे का यावर चर्चापत्र काढले. शंभरावर पानांचे, इंग्रजीत आणि क्लिष्ट. एरवी अशा पत्राला कंपन्यांचे वकील तेवढे उत्तर देतात. या वेळी ‘सेव्ह द इंटरनेट’ मोहिमेने प्रश्न सोप्या भाषेत मांडले, उत्तरांचा मसुदा तयार ठेवला आणि ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. भारतीय ग्राहकाने तांत्रिक धोरणाच्या प्रश्नावर एवढ्या संख्येने तोंड उघडल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. पुढे ठरावीक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ सेवेवरून हाच वाद पेटला आणि या वेळी एक इंटरनेट कंपनीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली आणि भंग करणाऱ्यास दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला. व्हॉट्सॲपच्या कॉलला वेगळे दरपत्रक लावण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. हा निर्णय न्याय्य होता. डेटाचे पैसे ग्राहकाने एकदा भरलेलेच असतात.

मिनिटाचा शेवट : बोलण्याचे दर शून्यावर आणणारा निर्णायक घाव मात्र एका परवानाधारक दूरसंचार कंपनीनेच घातला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओ सुरू झाली. तिच्या जाळ्यात जुनी आवाजाची वाहिनी मुळातच नव्हती. ४जीवरचा प्रत्येक कॉल डेटाच्याच तुकड्यांतून जाई आणि ग्राहकाकडून बोलण्याचे वेगळे पैसे घेतले जाणार नाहीत, असे कंपनीचे प्रमुख मुकेश अंबानी यांनी जाहीर केले होते. मिनिटांवर उभ्या असलेल्या कंपन्यांना हे पेलले नाही. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा थांबली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटाचा मोबाइल धंदा एअरटेलकडे गेला आणि व्होडाफोन व आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. कंपन्या एकमेकींना देत असलेला मिनिटामागचा जोडणी आकार १४ पैशांवरून ६ पैशांवर आला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला.

उरलेले वाद : दूरसंचार कंपन्यांची मागणी आता बदलली आहे. त्यांच्या जाळ्यावर मोठा भार टाकणाऱ्या इंटरनेट कंपन्यांनी जाळे उभारणीच्या खर्चात वाटा द्यावा, असे त्या म्हणतात. दक्षिण कोरियात याच मुद्द्यावर एसके ब्रॉडबँड आणि नेटफ्लिक्स अनेक वर्षे न्यायालयात भांडत होते. ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये ॲपच्या नियमनाची निकड नसल्याचा निर्वाळा दिला, पण २०२३ मध्ये पुन्हा चर्चापत्र काढले.

समान सेवेला समान नियम हवेत, या कंपन्यांच्या म्हणण्यात एका बाबतीत नक्कीच तथ्य आहे. संकटात ११२ हा क्रमांक साध्या मोबाइलवरून फिरवता येतो, व्हॉट्सॲपवरून नाही. अमेरिकेत २००५ मध्येच व्होनेजसारख्या सेवांना आपत्कालीन ९११ ची सोय देणे बंधनकारक झाले. भारतात नियमनाचा रोख फसवणुकीकडे वळला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या ॲपना आदेश दिला की, ज्या सिमवर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावे.