घंटेनंतरचा काळ : खासगी शाळांतील अभ्यासेतर उपक्रमांच्या इतिहासातील एक प्रश्न

नागपूरच्या पूर्वेकडील कळमना हे नाव आज मुख्यतः कृषी उत्पन्नाच्या मोठ्या बाजारामुळे परिचित आहे. शहर वाढत वाढत अशा पूर्वीच्या खेड्यांपर्यंत पोचले, की पाठोपाठ खासगी शाळाही येतात. आणि त्यांच्या माहितीपत्रकांत निसर्गमंडळ, वक्तृत्वमंडळ, विज्ञानमंडळ, नाट्य, चित्रकला, क्रीडा अशी यादी हमखास आढळते. ही यादी पालकांना आकर्षक वाटते, आणि ती शाळेच्या सोयींचाच एक भाग आहे असे सर्वजण गृहीत धरतात. परंतु इतिहासाकडे पाहू जाता असे दिसते की, शाळेची शेवटची घंटा झाल्यानंतरचा विद्यार्थ्याचा काळ कोणाच्या स्वाधीन असावा, हा महाराष्ट्रात व विदर्भात दीर्घकाळ वादाचा विषय होता. आजची मंडळे ही त्या वादाची उत्तरावस्था होय.

या परंपरेचा आरंभ शाळाचालकांनी केला नाही, तर विद्यार्थ्यांनी केला. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली १८४८ मध्ये जी साहित्य व विज्ञानविषयक सभा स्थापन केली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहे. संस्था सरकारी आश्रयाची असली तरी सभा विद्यार्थ्यांची होती. सभेच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून ओळखल्या जात. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. निबंधवाचन आणि चर्चा एवढ्यावरच हे तरुण थांबले नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा उघडल्या आणि सभासदांनी तेथे आरंभी विनावेतन अध्यापन केले. दादाभाई नौरोजी हे या कार्यातील एक अग्रणी होते. वर्गाबाहेर जमलेल्या मुलांच्या सभेतून स्त्रीशिक्षणाची एक संस्था उभी राहते, ही गोष्ट ‘अभ्यासेतर’ या शब्दाचा अर्थ किती व्यापक होता हे दाखविते. येथे उपक्रम अभ्यासाला पूरक नव्हता; अभ्यासातून जे हाती आले त्याचा समाजासाठी केलेला तो विनियोग होता.

खासगी शाळांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. १८५४ च्या वूड यांच्या खलित्याने अनुदानपद्धती आणली आणि १८८२ च्या हंटर आयोगाने खासगी प्रयत्नांस उत्तेजन दिले. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्येच मिशनची शाळा सुरू केली होती. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि पुढील वर्षी आगरकर त्यात आले. एका शाळेची प्रेरणा धर्मप्रसाराची, दुसरीची राष्ट्रोद्धाराची. परंतु केवळ परीक्षा उत्तीर्ण करविणे हे दोहोंचेही अंतिम उद्दिष्ट नव्हते. तथापि अनुदान घेणारी खासगी शाळा नावाने खासगी राहिली, तरी अनुदान, शिष्यवृत्त्या व विद्यापीठाची मान्यता ही तीन सूत्रे शासनाच्या आवाक्यात होती.

त्या सूत्रांचा वापर वंगभंगानंतरच्या चळवळीत झाला. भारत सरकारचे गृहसचिव रिस्ले यांच्या सहीने मे १९०७ मध्ये निघालेल्या परिपत्रकाने विद्यार्थ्यांच्या राजकीय हालचालींना आळा घालण्याचे धोरण आखले. शाळेतील मुलांचे वर्तन आवरले गेले नाही, तर त्या शाळेस अनुदान, शिष्यवृत्तीचे अधिकार व मान्यता गमवावी लागेल, असा त्याचा आशय होता. शिक्षा मुलास नव्हे, तर शाळेस होणार होती. म्हणून शाळाच मुलावर पहारा करू लागली. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधील १९०७-०८ च्या सुमाराची घटना सुपरिचित आहे. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याचे स्वागत मुलांनी वर्गावर्गांतून ‘वंदे मातरम्’च्या घोषाने केले. कारवाई झाली, पुढे तडजोड होऊन बहुतेक मुले परतली. परंतु केशव बळिराम हेडगेवार हा विद्यार्थी परतला नाही. तो यवतमाळच्या विद्यागृह या राष्ट्रीय शाळेत गेला. ती शाळाही फार काळ टिकू शकली नाही. विजापूरकरांचे तळेगाव येथील समर्थ विद्यालयही १९१० मध्ये सरकारी आज्ञेने बंद झाले.

या धोरणाचा परिणाम मात्र उलट झाला असे म्हणावे लागते. ज्या उत्साहाला शाळेच्या आवारात स्थान उरले नाही, तो आवाराबाहेर गेला. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान क्लब स्थापन केला. पुढे तो हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने विख्यात झाला, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसने सरकारी व अनुदानित शाळांवरील बहिष्काराचा कार्यक्रम मान्य केला. नील सिटी हायस्कूल सोडून गेलेल्या त्याच हेडगेवारांनी १९२५ मध्ये नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला. १९४१ मध्ये नव्याने उभे राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाची विचारसरणी त्याहून सर्वस्वी भिन्न होती. विचारांत एवढे अंतर असता कार्यपद्धतीत एक साम्य दिसते : दोहोंनीही मुलाचा सायंकाळचा तास मागितला आणि खेळ, कवायत, गीत यांच्या साहाय्याने तो मिळविला. या संघटनांच्या उदयाची कारणे अनेक आहेत. केवळ एका परिपत्रकात ती शोधणे योग्य होणार नाही. परंतु शाळेने रिकामा सोडलेला काळ त्यांना उपलब्ध होता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

शाळेच्या आतच हा काळ जिवंत ठेवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अमळनेरचे प्रताप हायस्कूल हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय. खानदेश शिक्षण मंडळाच्या या शाळेत पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये शिक्षक म्हणून आले आणि छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी चालविले. ना तेथे गुण होते, ना बक्षिसे. दररोज नवे काही वाचावयास मिळेल या ओढीने मुले त्या हस्तलिखिताभोवती जमत. हा उपक्रम कोणत्याही नियमावलीत बसणारा नव्हता. तो एका माणसाच्या श्रमांवर उभा होता. हेच त्याचे सामर्थ्य आणि हीच त्याची मर्यादा. १९३० मध्ये साने गुरुजींनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. ज्या शिक्षकाने घंटेनंतरचा काळ शाळेत आणला, त्यासच अखेर शाळेबाहेर जावे लागले.

स्वातंत्र्यानंतर शासनाची भूमिका पालटली. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना आली. १९५० मध्ये विविध बालवीर संघटनांच्या विलीनीकरणातून भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था घडली. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ मध्ये अभ्यासेतर कार्यक्रम हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले आणि प्रत्येक शिक्षकाने त्यास निश्चित वेळ द्यावा अशी शिफारस केली. त्याच अहवालात सतरा वर्षांखालील विद्यार्थ्यांचा राजकीय प्रचारासाठी वा निवडणुकीसाठी उपयोग करणे हा कायद्याने गुन्हा ठरवावा, असेही सुचविले आहे. रिस्ले यांचे परिपत्रक आणि ही शिफारस यांत हेतूचा फरक मोठा आहे : पहिल्याने परकीय सत्तेचे रक्षण साधावयाचे होते, दुसरीस मुलाचे रक्षण अभिप्रेत होते. शिवाय आयोगाने केवळ निषेध केला नाही. रिकामा काळ भरून काढण्याचे दायित्व शाळेवर टाकले. पुढे ‘अभ्यासेतर’ची जागा ‘सहशालेय’ या शब्दाने घेतली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम व अभ्यासेतर यांमधील भिंतच नको असे म्हटले.

ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. पूर्वी जे काही थोड्यांच्या वाट्यास येई, ते निदान तत्त्वतः सर्वांचे झाले. परंतु या प्रवासात एक गोष्ट मागे पडली. १८४८ च्या सभेत विषय मुलांनी निवडला, निबंध मुलांनी लिहिला, आणि त्यातून निघालेल्या कामाचा भारही मुलांनीच वाहिला. आजच्या वेळापत्रकातील मंडळाचा विषय, तास व गुण शाळा ठरविते; आणि खासगी शाळेत त्याचे शुल्कही पुष्कळदा वेगळे असते. उपक्रम विद्यार्थ्यांसाठी झाला, पण विद्यार्थ्यांचा उरला नाही.

यास्तव कळमन्यासारख्या वाढत्या वस्तीतील शाळेचे मूल्यमापन करताना तेथे मंडळे किती आहेत, हा प्रश्न गौण ठरतो. त्या मंडळांचे इतिवृत्त कोण लिहितो, सभेचा विषय कोण ठरवितो आणि ठरलेले काम फसल्यास त्याचा जाब कोणी द्यावयाचा, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे होत. घंटेनंतरच्या काळावर शासन, राष्ट्रीय चळवळ, संघटना आणि शाळा या सर्वांनी आपला हक्क सांगून झाला आहे. ज्याचा तो काळ, त्या विद्यार्थ्याचा हक्क मात्र अद्याप मांडला जावयाचा आहे.